थँक्यू मॅडम

मॅडमनी एखाद्याचा अपमान केला की तो माणूस हात जोडून त्यांना "थँक्यू मॅडम" म्हणायचा. शेवगावच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे डोळ्यांनी पाहिलं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळेजण दादा म्हणतात. त्या दिवशी दादा आम्हा शिक्षकांपुढे 'आजचा विद्यार्थी' या विषयावर बोलले. विद्यार्थ्याबद्दल सुरुवातीला एक वाक्य आलं. त्यानंतर दादांचं बालपण, दादांचे कष्ट, दादांचा पेट्रोल पंप आणि दादांचा साधेपणा असा प्रवास झाला. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मग करड्या केसांच्या, इस्त्रीच्या सुती साडीतल्या एक बाई पुढे झाल्या आणि मान किंचित झुकवून म्हणाल्या, "दादा, व्हेरी इन्सिपिड. रिअली, मोस्ट इन्सिपिड!"

दादांचा चेहरा फुलला. "थँक्यू मॅडम, थँक्यू! तुमच्यासारख्या जाणकारांनी म्हणायचं म्हणजे..." पुढचं त्यांना सुचेना, इतके ते सुखावले होते.

मी नवा होतो आणि माझं इंग्रजी बेताचं होतं. व्हरांड्यात मी त्यांना गाठलं आणि त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुम्हाला काय वाटलं?"

"इन्स्पायरिंगसारखं काहीतरी. स्फूर्तिदायक."

"सगळ्यांना तेच वाटतं. इन्सिपिड म्हणजे बेचव. मीठ विसरलेली आमटी." मग आवाज जराही न बदलता म्हणाल्या, "सर, पहिली तीन अक्षरं ऐकली की माणसाचे कान मिटतात. पुढचं तो स्वतःच्या मनानं ऐकतो. आणि त्याच्या मनात स्वतःबद्दल कायम चांगलंच असतं."

त्यांचं पाळण्यातलं नाव हजेरीपत्रकावर होतं, पण मी मनातल्या मनात त्यांना थँक्यू मॅडमच म्हणू लागलो. एकदा चुकून तोंडातून निघालं, तर त्यांना राग आला नाही. उलट "बरोबर आहे, तेवढीच माझी कमाई," असं म्हणाल्या.

मॅडम मूळच्या नगरजवळच्या भिंगारच्या. वडील लष्कराच्या कुठल्याशा कार्यालयात नागरी कारकून. साहेब लोकांच्या बदल्या व्हायच्या तेव्हा मागे राहिलेली इंग्रजी पुस्तकं ते घरी घेऊन यायचे. त्यांतली बरीचशी घोड्यांच्या आजारांवर किंवा बागकामावर असायची. मॅडमनी लहानपणी जे हाताला लागलं ते वाचलं. त्यांच्या इंग्रजीत त्यामुळे असे काही शब्द होते की जे आमच्या पाठ्यपुस्तकाच्या अंगणातही कधी आले नव्हते. लग्न केलं नाही. का, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. आई गेल्यावर त्या शेवगावात दोन खोल्या घेऊन राहायला आल्या आणि आमच्या विनाअनुदानित तुकडीवर इंग्रजी शिकवू लागल्या. सुट्टीला मात्र एसटीने भिंगारला जायच्या.

वर्गात त्या वेगळ्याच बाई होत्या. फळ्याच्या डावीकडे रोजच्या वापरातला एक शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याच अक्षरांनी सुरू होणारा एक अनोळखी शब्द. डावीकडे रेस्ट, उजवीकडे रेस्टिव्ह. "रेस्ट म्हणजे आराम. मग रेस्टिव्ह म्हणजे?" सगळा वर्ग ओरडायचा, "आराम करणारा!" मॅडम डोळे मोठे करून मान हलवायच्या. "जो एका जागी ठरत नाही तो. चुळबुळ्या. हा मागच्या बाकावरचा." मग वर्ग हसायचा आणि तो शब्द मुलांच्या डोक्यात कायमचा बसायचा. मुलांशी बोलताना त्यांनी एकही असा शब्द वापरला नाही की ज्याचा अर्थ नंतर सांगितला नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, "मोठ्यांना मात्र अर्थ सांगत नाही तुम्ही." त्या म्हणाल्या, "मुलांना अजून असं वाटत नाही की आपल्याला सगळं कळतं. मोठ्यांचं ते दार बंद झालेलं आहे."

आणि आमच्याकडे दारं बंद झालेली माणसं भरपूर होती. शाळेच्या फाटकावर मराठीपेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत 'इंग्लिश' लिहिलेलं. आत पत्र्याचे वर्ग, उन्हाळ्यात भाकरी भाजून निघेल असे. प्रयोगशाळेत माझ्याकडे एक सूक्ष्मदर्शक यंत्र होतं, त्याचं भिंग गेलेलं होतं. पण दादांच्या खोलीत एसी होता आणि टेबलावर पृथ्वीचा एक गोल होता, जो दादा बोलता बोलता फिरवत असायचे. आमचे हेडसर दादांच्या प्रत्येक वाक्यावर असं हसायचे, की जणू ते वाक्य त्यांना लाडूसारखं भरवलं जातंय. मॅडम त्यांना तोंडावर म्हणायच्या, "सर, तुम्ही फार छान सिंपर करता." हेडसरांना वाटायचं की त्यांच्या सिंपल राहणीचं कौतुक चाललंय. सिंपर म्हणजे लाचारासारखं खुळं हसू. मॅडमचं ते वाक्य ऐकूनही हेडसर तसंच हसायचे.

दादांना मॅडमचे शब्द इतके आवडायचे की ते पाठ करून ठेवायचे. एकदा मॅडम त्यांना 'ऑफिशियस' म्हणाल्या. म्हणजे नको तिथे नाक खुपसून अधिकार गाजवणारा. दादांना वाटलं, ऑफिसरचा थाट असलेला. पुढच्या वाढदिवसाला बस स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर दादांचा फोटो, बाजूला वाघाचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत 'ऑफिशियस नेतृत्व'. हेडसरांनी स्वखर्चाने लावला होता. मी आणि मॅडम त्या फ्लेक्सखाली उभे राहून चहा प्यायलो. येणारेजाणारे वाचत होते, कुणी थांबत नव्हतं. खिशाखिशात मोबाईल होते, अर्थ शोधायला बोट हलवायचा अवकाश होता. पण ज्या शब्दाने आपली स्तुती झाली असं वाटतं, तो शब्द कोण तपासून पाहतो?

मलाही त्या सगळ्याची चटक लागली होती. मॅडमच्या विनोदाला ऐकणारा लागायचा आणि त्या शाळेत तो मी होतो. दादांचा भाचा दहावीला मेरिटच्या जवळपास गेला, तेव्हा सत्कारात मॅडम त्याला 'मेरेट्रिशियस बॉय' म्हणाल्या. वरून झगमग, आतून पोकळ. भाच्याच्या आईचे डोळे भरून आले. मी तोंडावर रुमाल धरून मागच्या दाराने बाहेर पळालो.

एका वर्षी जूनमध्ये शाळेच्या समितीची बैठक होती. दादांनी गोल फिरवत विचारलं, "कुणाची काय अडचण? मोकळेपणानं बोला." हा प्रश्न ते दर बैठकीत विचारायचे आणि उत्तर यायच्या आत चहा मागवायचे. मॅडम उभ्या राहिल्या. नेहमीच्या मृदू आवाजात म्हणाल्या, "दादा, आपल्या मुलींची टॉयलेट्स अत्यंत नॉइसम आहेत."

दादांनी गंभीरपणे मान हलवली. "हां, हे मला मान्य आहे. हेडसर, लिहून घ्या."

नॉइसम म्हणजे घाण वासाचं, नाकाला रुमाल लावायला लावणारं. आणि तसंच होतं ते. टाकी फुटलेली, नळ कोरडा, एका दाराला कडी नाही. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी पेंटर बोलावला. पेंटरने मुलींच्या संडासाच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं, 'येथे आवाज करू नये. हुकुमावरून.'

त्या भिंतीपुढे मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस, चहाच्या वेळी आमच्यापैकी एकाने नुसतं बोट ओठांवर ठेवलं तरी पुरायचं.

त्याच वर्षी नववीत रूपाली नावाची एक मुलगी होती. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, ती आत्याकडे राहायची आणि गावाहून एसटीने यायची. उजवीकडचा शब्द सांगण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. मॅडम रोज तिच्या जागेकडे बघायच्या. एक दिवस तिची आत्या शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"दाखला पायजे हुता पोरीचा," ती म्हणाली.

"का? काय झालं? हुशार मुलगी आहे," मॅडम उठून दाराशी गेल्या.

"हुशार हाय, व्हय. पन दिसभर पानी पीत न्हाई ती. घरून निघताना न्हाई, हितं न्हाई. डॉक्टर म्हनला, पानी न पिल्यानं आन दाबून धरल्यानं आत सूज आली. लई ताप हुता. मी इचारलं, का गं पीत न्हाईस? तर म्हनली, पानी पिलं की जावं लागतं, आन तितं जाववत न्हाई. कडी न्हाई, पानी न्हाई, वास तर असा की पोरी वकतात." आत्या चिडलेली नव्हती. बाजारात कुठला भाव चाललाय ते सांगावं तसं सांगत होती. "आता आईबापाकडं धाडते. तोडीवर पाचटाच्या कोपीत ऱ्हाईल, निदान रान तरी मोकळं हाय."

मॅडम म्हणाल्या, "अहो, मी सांगितलं होतं. जूनमध्येच, भर बैठकीत सांगितलं होतं."

"काय सांगितलं हुतं?"

मॅडमच्या ओठांवर तो शब्द आला असावा. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या थांबून राहिली. तिला खरंच ऐकायचं होतं. शेवटी मॅडम खूप हळू म्हणाल्या, "नॉइसम."

"म्हंजी काय?"

मी तिथेच वह्या तपासत बसलो होतो. मॅडमनी अर्थ सांगितला नाही. "थोडे दिवस थांबा, दाखला लगेच काढू नका," एवढंच म्हणाल्या. आत्या म्हणाली, "बघा बया," आणि निघून गेली. दाखला तिने नेला नाही, पण मुलगी तोडीवर गेली.

त्यानंतर मॅडमनी चहाला येणं बंद केलं. मी एकदा सवयीने ओठांवर बोट ठेवलं, तर माझ्याकडे अशा बघितल्या की मी बोट खिशात घातलं.

पालकसभा जानेवारीत झाली. पटांगणात मांडव, पुढे सोफ्यावर दादा, मागे सतरंजीवर आईबाप. दादांनी शाळेच्या प्रगतीचा आढावा घेतला. मग हेडसरांनी मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. दादा सोफ्यावर जरा पुढे सरकले. त्यांना वाटलं, आता नवीन शब्द मिळणार.

मॅडमनी माईक हातात घेतला. "मुलींच्या संडासात पाणी नाही," त्या म्हणाल्या. "टाकी फुटलेली आहे. एका दाराला कडी नाही. तिथं इतकी घाण येते की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. एक मुलगी त्यामुळे शाळा सोडून गेली. हे मी बैठकीत सांगितलं होतं, पण कुणाला कळू नये अशा शब्दात सांगितलं होतं. आज कळेल असं सांगतेय. तुमच्या मुली आहेत. जाऊन बघून या."

मग मागून एक बाई उठली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सतरंजीवरच्या निम्म्या बायका मुलींच्या संडासाकडे चालू लागल्या. परत आल्या त्या नाकाला पदर लावूनच. एकीने सोफ्यापुढे उभं राहून विचारलं, "दादा, तुमच्या खोलीत फॅन हाय का एशी?" दादांना घाम फुटला. हेडसर हसायला गेले आणि तसेच अर्ध्यावर थांबले.

सभा कशीबशी गुंडाळली गेली आणि मॅडमना दादांच्या खोलीत बोलावणं आलं. त्यांनी जाताना मला म्हटलं, "या, सर. ऐकायला कुणीतरी लागतंच." मी गेलो.

मला वाटलं होतं दादा आरडाओरडा करतील. दादा टेबलामागे मोबाईल हातात धरून बसले होते. चष्मा कपाळावर. बाजूला हेडसर उभे.

"बसा मॅडम," दादा म्हणाले. "ते नॉइसम मी आत्ता बघितलं यात. आता दुसरे सांगा. इन्सिपिड."

मॅडमनी समोरची खुर्ची ओढून घेतली, पण बसल्या नाहीत.

"सांगा ना. मीच बघू का?"

"बेचव," मॅडम म्हणाल्या.

"ऑफिशियस?"

"नको तिथे नाक खुपसणारा."

दादांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी छताकडे. "एनर्व्हेटिंग? माझ्या पंधरा ऑगस्टच्या भाषणाला म्हणाला होता तुम्ही."

"अंगातलं बळ काढून घेणारं."

"मला वाटलं एनर्जी देणारं." दादांनी एकामागून एक शब्द विचारले. त्यांना एकूणएक शब्द आठवत होता, कुठल्या कार्यक्रमात, कुणाच्या समोर, सगळं. त्या माणसाचं कुणी असं नीट, निवडून कौतुक केलेलं नव्हतं बहुतेक. हार घालणारे रग्गड होते, पण मॅडमचे शब्द त्याने जपून ठेवले होते. मला त्या माणसाचा तिटकारा होता आणि आजही आहे. संस्थेच्या पैशाने एसीत बसायचं आणि मुलींच्या टाकीकडे बघायचं नाही, याला माझ्याकडे माफी नाही. पण त्या खोलीत मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी दादांनी मोबाईल पालथा ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "इतकं सगळं वाईट दिसत होतं तुम्हाला, तर मराठीत सांगायचं ना. मला मराठी येतं."

मॅडमनी मान खाली घातली.

हिशेब नेहमीप्रमाणेच लागला. पंधरवड्यात नवी टाकी आली, नळ आले, दारांना कड्या आल्या. टाकीवर दादांचं नाव आणि फोटो आला, आणि उद्घाटनाला फीत कापली गेली. संडासाच्या टाकीची फीत कापलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. मॅडमची तुकडी विनाअनुदानित होती, त्यामुळे त्यांना काढायला कारण लागलं नाही. मे महिन्यापासून येऊ नका, एवढंच सांगण्यात आलं. आम्हा शिक्षकांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. एरवी महागाई भत्त्यावर घसा कोरडा करणारी मंडळी त्या दिवशी निकालपत्रकांत डोकी खुपसून बसली होती. रूपाली पुढच्या जूनमध्ये परत आली. वर्ष वाया गेलं होतं, पण आली.

रीत म्हणून निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ. हेडसर मॅडमच्या सेवेबद्दल असे बोलले, जणू त्यांना काढण्यात त्यांचा हातच नव्हता. मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि एक गंमत झाली. सगळ्या शिक्षकांनी खिशातून, पर्समधून मोबाईल काढले आणि बोटं तयार ठेवली. आता एकही शब्द निसटू द्यायचा नव्हता.

मॅडम मराठीत बोलल्या. शिपाईमामांनी इतकी वर्षं आपला चहा कमी साखरेचा लक्षात ठेवला म्हणून त्यांचे आभार मानले. हेडसरांनी पावसाळ्यात एकदा गाडीवरून घरी सोडलं होतं, त्याची आठवण काढली. मुलं चांगली आहेत, त्यांना ओरडू नका, असं म्हणाल्या. आणि बसल्या. एवढंच. टाळ्या पडल्या, पण घाबरत घाबरत. शेजारच्या भूगोलाच्या सरांनी माझ्या कानात विचारलं, "यात काय होतं हो?" मी म्हटलं, "काही नव्हतं." त्यांना पटलं नाही. हेडसर तर दोन दिवस विचार करत होते की गाडीवरून सोडलं म्हणण्यात काय खोच असावी. इतकी वर्षं मॅडमनी ज्यांना मनसोक्त बोलून घेतलं, त्यांनी तेव्हा थँक्यू म्हटलं. आणि त्या पहिल्यांदा मनापासून चांगलं बोलल्या, तेव्हा सगळे सावध होऊन बसले.

त्यांना पोचवायला स्टँडवर मी एकटा होतो. नगरची गाडी लागलेली होती. त्यांची बॅग मी वर ठेवून दिली आणि खिडकीशी उभा राहिलो. कंडक्टरने बेल मारली तशा मॅडम खिडकीतून वाकल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही चांगलं शिकवता. शाळा सोडू नका."

गाडी निघाली. त्यानंतर मी त्यांना दोनदा फोन केला, भिंगारला एकदा जाऊनही आलो. त्या शेजारच्या मुलांची शिकवणी घेत होत्या, तब्येत उतरली होती. दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं, तेही उशिरा. पण माझ्यापुरता त्यांचा निरोप स्टँडवरच झाला. मी त्या दिवशी चालत खोलीवर येईपर्यंत एकच गोष्ट करत होतो. 'चांगलं' या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे का, हे आठवून बघत होतो. 'शाळा सोडू नका' यात टोमणा कुठे बसतो, ते शोधत होतो. त्यांनी सरळ, साध्या मराठीत माझं कौतुक केलं होतं आणि मला ते घेता आलं नव्हतं. त्यावर विश्वास ठेवायला मला पुढे काही वर्षं लागली. तोवर ते त्यांना सांगायची सोय उरली नव्हती.